परमुलखातील गाडी, पैसा आणि पत

परमुलखात पाऊल टाकणाऱ्या माणसापुढे पहिल्या घटकेलाच दोन प्रश्न उभे राहतात. मुक्कामावर नेणारी गाडी कोठे मिळेल व तिचे वाजवी भाडे किती, हा पहिला. आणि ते भाडे कोणत्या नाण्याने चुकवावे, हा दुसरा. भाषेची अडचण, अन्नाची चव, हवेचा गारठा हे सगळे मागाहून येते. आज हे दोन्ही प्रश्न हातातल्या मोबाइलने सोडविले आहेत असे आपण मानतो. विमानतळावर उतरलेला प्रवासी पडद्यावर बोट टेकवतो. भाडे आधीच कळते, गाडी दारात येते, आणि उतरताना खिशात हातही घालावा लागत नाही. पाहणाऱ्याला वाटते की, असे पूर्वी कधी झालेच नव्हते.

आमचे म्हणणे थोडे निराळे आहे. साधन नवे आहे, परंतु त्याने हाताळलेला प्रश्न फार जुना आहे, आणि त्या प्रश्नाला आपल्या भाषेत एक नेमका शब्द आहे : पत. अनोळखी माणसाला गाडीत बसवायचे ते कोणाच्या भरवशावर? अनोळखी गाडीवानाच्या स्वाधीन आपला जीव आणि पैसा करायचा तो कोणाच्या शब्दावर? प्रत्येक काळाने या प्रश्नाला आपापले उत्तर दिले. ती उत्तरे क्रमाने पाहिली म्हणजे आजच्या सोयीचे मोल कळते, आणि त्या मोलापायी आपण काय देतो तेही कळते.

परमुलूख म्हटला म्हणजे साता समुद्रापलीकडचाच असला पाहिजे असे नाही. भंडारा जिल्ह्यातील तुमसर तालुक्यातले नाकाडोंगरी हे गाव महाराष्ट्राच्या सीमेलगतचे. पलीकडे बालाघाट जिल्हा लागतो. १९५६ पर्यंत भंडारा आणि बालाघाट हे एकाच प्रांतातले जिल्हे होते. त्या वर्षी १ नोव्हेंबरला राज्यांची पुनर्रचना झाली, भंडारा मुंबई राज्यात आला, बालाघाट मध्य प्रदेशात राहिला, आणि १ मे १९६० रोजी अलीकडचा मुलूख महाराष्ट्र झाला. शेते तीच राहिली, सोयरिकी त्याच राहिल्या; पण प्रवासी गाडीचा परवाना, तिचा कर आणि तिच्यावर हुकमत चालविणारे कार्यालय मात्र दोन्हीकडे वेगळे झाले. सीमा म्हणजे काय हे अशा गावाला शिकवावे लागत नाही.

या गावाजवळच डोंगरी बुजुर्गची मँगनीजची खाण आहे. तेथला मँगनीज डायऑक्साइड कोरड्या बॅटऱ्यांच्या, म्हणजे आपल्या बोलण्यातल्या सेलच्या, कारखान्यांना लागतो. विसाव्या शतकाच्या आरंभापासून मध्य प्रांतातले मँगनीज आगगाडीने बंदरावर आणि बंदरावरून परदेशी जाऊ लागले. विकणारा आणि घेणारा एकमेकांचे तोंडही पाहत नसत. जहाजावर माल चढल्याची पावती, बँकेची सही आणि हवाल्याचा कागद एवढ्यावर रकमेची उलाढाल होई. म्हणजे या भागातला दगड येथल्या माणसाच्या कितीतरी आधी परदेशी गेला, आणि त्याच्या पैशाची सोयही माणसाच्या सोयीआधी झाली. दगडाला बाजारात पत होती. साध्या प्रवाशाला ती कशी मिळाली, हाच आजचा विषय आहे.

पेढीची पत

प्रथम नाण्याचे पाहू. कंपनी सरकारने १८३५ साली एकसारखा रुपया पाडण्याचा कायदा केला. तोवर नागपुराहून पुण्याला जाणे हेही पैशाच्या दृष्टीने परदेशगमनच होते. नागपुरी रुपया वेगळा, चांदवडी वेगळा, अंकुशी वेगळा. प्रत्येक बाजारात सराफ नाणे कसोटीला लावी, वाजवून पाही आणि बट्टा कापून स्थानिक नाणे हाती देई. प्रवासी जितके बाजार ओलांडी तितक्या वेळा त्याची थैली हलकी होई, आणि उरलेल्या थैलीवर वाटेतल्या चोरांचा डोळा असे.

या दोन्ही संकटांवर आपल्या व्यापाऱ्यांनी काढलेला तोडगा म्हणजे हुंडी. एका गावच्या पेढीत रक्कम भरावी, पेढीने दुसऱ्या गावच्या आपल्या अडत्यावर चिठ्ठी लिहून द्यावी, आणि प्रवाशाने ती दाखवून तेथल्या चलनात पैसे घ्यावेत. दाखवताच पैसे द्यावयाची ती दर्शनी हुंडी, ठरावीक दिवसांनी द्यावयाची ती मुदती. पेढी या कामाचा जो आकार घेई त्याला हुंडणावळ म्हणत. नागपूर-कामठीकडे बन्सीलाल अबीरचंद यांच्यासारख्या पेढ्यांचे नाव गेल्याच्या आधीच्या शतकात सर्वतोमुखी झाले ते अशाच व्यवहाराच्या जोरावर.

हुंडीतल्या काही युक्त्या आजच्या वाचकाला चकित करतील. शाहजोग हुंडीचे पैसे कोणाही आगंतुकाला मिळत नसत. बाजारातल्या एखाद्या शाहाने, म्हणजे पत असलेल्या व्यापाऱ्याने, ती पुढे केली तरच मिळत. त्यामुळे ती चोराच्या हाती पडली तरी तिचा उपयोग नव्हता. चोरासाठी कोणता शाहा आपले नाव पणाला लावणार? मूळ हुंडी हरवली तर पेढी तिची दुसरी प्रत देई, ती पेठ. तीही गहाळ झाली तर परपेठ. पैसे चुकते झाले की हुंडी निकामी होई, तिला खोखा म्हणत. आज रक्कम देण्यापूर्वी मोबाइलवर येणारा गुप्त आकडा जे काम करतो, तेच काम शाहाच्या तोंडओळखीने होत असे. सगळी मदार ओळखीवर होती. द्वारकेला निघालेल्या यात्रेकरूंनी वाटेतल्या चोरांच्या भयाने नरसी मेहत्यांकडून हुंडी लिहून घेतली आणि ती प्रत्यक्ष भगवंताने शामळशा शेठ होऊन भरली, ही कथा लोकांच्या इतकी मनात बसली याचे कारणही हेच. यात्रेकरूला देव हवा होता हे खरेच, पण वाटेत चुकती होणारी हुंडीही हवी होती.

गाडीची आणि मुक्कामाची व्यवस्था दुसऱ्याच ओळखीवर चाले. काशी, गया, त्र्यंबकेश्वर अशा क्षेत्री तीर्थोपाध्याय यजमानांच्या वह्या राखीत, आणि आजही कित्येकांनी त्या राखल्या आहेत. परगावच्या माणसाने आपले आडनाव आणि गाव सांगावे. उपाध्यायाने वही उघडून त्याच्या आजा-पणज्याची सही दाखवावी. एकदा ती नोंद सापडली की उतरायला जागा, पुढच्या मजलेची गाडी, बरोबर माहितगार माणूस, आणि प्रसंगी उसनवार रक्कमही मिळे. अनोळखी शहरात गरिबाची पत त्याच्या आजाच्या सहीत साठवलेली असे.

या व्यवस्थेची मर्यादा कोठे होती ते विष्णुभट गोडसे यांच्या प्रवासावरून दिसते. वरसईचे हे भिक्षुक १८५७ साली बायजाबाई शिंदे यांच्या यज्ञाची वार्ता ऐकून दक्षिणेच्या आशेने उत्तरेस निघाले आणि बंडाच्या वणव्यात सापडले. त्यांनी लिहिलेला 'माझा प्रवास' चिंतामण विनायक वैद्य यांनी १९०७ साली प्रसिद्ध केला. झाशीच्या पाडावाच्या लुटीत गोडसेभटजींचे मिळवलेले द्रव्य गेले. बाजार उघडा, पेढी उघडी आणि दोन्ही टोकांची माणसे जागेवर असतील तोवरच हुंडी चाले. धामधुमीत जवळचे रोकड द्रव्य तेवढे आपले, आणि तेही हातात राहील तोवरच.

समुद्रापलीकडची स्थिती आणखी अवघड होती. साताऱ्याचे पदच्युत छत्रपती प्रतापसिंह महाराज यांची दाद मागण्यासाठी रंगो बापूजी गुप्ते १८४० च्या सुमारास लंडनला पोहोचले आणि १८५३ पर्यंत तेथे राहिले. महाराज काशीला नजरकैदेत. पैसा पाठवणारा तोच एक आधार. १८४७ साली महाराज निवर्तले आणि रंगो बापूजींची ओढाताण वाढत गेली. लंडनच्या रस्त्यावर तेव्हा भाड्याच्या घोडागाड्यांना तोटा नव्हता. हॅन्समच्या प्रसिद्ध दुचाकी गाडीचे पेटंट १८३४ चे. परंतु गाडी दारात उभी असून उपयोग काय? भाडे देणाऱ्याची पत हजारो कोसांवर काशीत बंदिवासात होती. ज्या कंपनीशी ते झगडत होते तिच्याच पैशाने अखेर त्यांच्या परतीच्या प्रवासाची तजवीज झाली. प्रबोधनकार ठाकरे यांनी १९४८ साली या स्वामिनिष्ठ पुरुषावर मोठा ग्रंथ लिहिला, तो आपल्यातल्या अनेकांनी वाचला असेल. स्वामिनिष्ठेच्या त्या कथेत ही परदेशातल्या उसनवारीची व्यथाही आहे, तिच्याकडे मात्र आपले लक्ष कमी जाते.

आनंदीबाई जोशी १८८३ च्या एप्रिलमध्ये कलकत्त्याहून निघाल्या आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या. त्यांच्यासाठी तेथे एक व्यक्ती धक्क्यावर आली होती, ती म्हणजे रोझेल गावच्या कार्पेंटरबाई. दोघींची ओळख पत्रांतून जडलेली. त्या एका ओळखीने अठरा वर्षांच्या या मुलीला घर मिळाले, गाडी मिळाली, पुढे फिलाडेल्फियाच्या वैद्यकीय महाविद्यालयाची वाट मिळाली. पेढी, उपाध्याय, पत्रमैत्रीण ही तिन्ही निरनिराळी दिसतात. पण तिघांचे काम एक. परक्या गावात कोणीतरी जिवंत माणूस आपल्यासाठी जामीन राहतो. ज्याला असा जामीन नाही त्याने घराबाहेर पडू नये, असा त्या काळाचा अलिखित नियम होता.

सरकारची पत

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या नियमाला तडा गेला. जामिनाची जागा हळूहळू सरकारने घेतली. मुंबई शहरात सार्वजनिक वाहनांसाठी १८६३ साली आणि पुन्हा १९२० साली कायदे झाले. गाडीला क्रमांक, गाडीवानाला परवाना आणि भाड्याला ठरलेला दर या तीन गोष्टी कायद्याने आल्या. त्यांचे महत्त्व आज सहज ध्यानात येत नाही. पूर्वी खेड्यापाड्यांत दौऱ्यावरचा अंमलदार वेठीने बैलगाडी धरी, तेव्हा गाडीवानाला बोलण्याची सोय नव्हती. उलट शहरात नवखा उतारू दिसला की गाडीवान तोंडाला येईल ते भाडे मागे, तेव्हा उतारूला सोय नव्हती. ठरलेल्या दराने दोघांनाही बोलायला जागा दिली. भाड्यावरून तंटा झाला तर क्रमांक टिपून घेऊन चौकीवर जाता येऊ लागले.

त्यातून पुढे भाडे मोजणारे यंत्र आले. जर्मनीत ब्रून नावाच्या संशोधकाने १८९१ साली टॅक्सीमीटर तयार केला आणि या यंत्रावरूनच गाडीला टॅक्सी हे नाव पडले. लंडनमध्ये १९०७ साली मोटार टॅक्सींना मीटर सक्तीचा झाला. मीटरचा काटा दोघांच्या डोळ्यांसमोर फिरतो. सरकारने तो तपासून शिक्का मारलेला असतो, आणि बसणारा सावकार असो की शेतकरी, मैलाचा दर एकच. भाषा न येणाऱ्या प्रवाशालाही आकडा वाचता येतो. परमुलखातल्या माणसासाठी याहून मोठी लोकशाही सोय क्वचितच झाली असेल.

पैशाच्या बाबतीतही तसेच घडले. हिंदुस्थानात टपाल खात्याने १ जानेवारी १८८० पासून मनीऑर्डर सुरू केली. पेढीशी ओळख नसलेला मुंबईचा गिरणीकामगारही आता गावी चार रुपये पाठवू लागला. देशोदेशी हिंडणाऱ्यांसाठी टॉमस कुक कंपनीने १८७४ साली फिरत्या हुंडीसारख्या नोटा काढल्या, आणि अमेरिकन एक्सप्रेसने १८९१ साली प्रवासी धनादेश काढला. त्याची युक्ती सोपी होती. विकत घेताना एक सही, पैसे घेताना दुसरी. दोन्ही जुळल्या तरच पैसे, आणि हरवला तर बदली धनादेश. शाहजोग हुंडीतला शाहा येथे गेला, त्याच्या जागी प्रवाशाची स्वतःचीच सही आली.

परंतु सरकारचा जामीन हाही फुकट मिळत नाही. स्वातंत्र्यानंतर परकीय चलनाची चणचण होती. १९४७ चा आणि त्यानंतर १९७३ चा कडक कायदा झाला. रिझर्व्ह बँकेच्या 'पी फॉर्म'वर मंजुरी घेतल्याशिवाय परदेशी जाणाऱ्याचे पाऊल उचलत नसे. १९६० आणि १९७० च्या दशकांत निघालेले लोक 'खिशात आठ डॉलर घेऊन आलो' असे सांगतात, ते त्या दिवसांचे चित्र. आठ डॉलरमध्ये टॅक्सी करायची की जेवायचे? म्हणून पुन्हा जुनाच मार्ग निघाला. कोणाचा तरी भाचा, कोणाच्या तरी गावचा डॉक्टर विमानतळावर घ्यायला येई. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ चे. उत्तर अमेरिकेतील मंडळांचे बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ चे. या संस्थांचे गणेशोत्सव आणि नाटके सर्वांना दिसतात. नवख्याला गाडीत घालून घरी नेण्याचे आणि पहिल्या महिन्याचे पैसे उसने देण्याचे जे काम अशा मंडळांच्या भोवतीच्या माणसांनी केले, त्याची नोंद कोणत्या अहवालात असणार?

ही तंगी पुढे सैल झाली. १ जून २००० पासून नवा, उदार कायदा अमलात आला. २००४ साली रिझर्व्ह बँकेने व्यक्तीला वर्षाला २५,००० डॉलर बाहेर नेण्याची मुभा दिली. ती २०१५ पर्यंत २,५०,००० डॉलरवर गेली. आठ डॉलरच्या पिढीला ही वार्ता परीकथेसारखी वाटली असल्यास नवल नाही.

कंपनीची पत

तिसरा काळ आपल्या डोळ्यांसमोर आला. केनियात २००७ साली एम-पेसा सुरू झाली आणि बँकेचे तोंड न पाहिलेली माणसे साध्या मोबाइलवरून पैसे पाठवू लागली. अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्कोमध्ये २००९ साली उबर निघाली, भारतात २०१० साली ओला, मलेशियात २०१२ साली ग्रॅब, चीनमध्ये त्याच वर्षी दीदी, दुबईत करीम. भारतात ११ एप्रिल २०१६ रोजी यूपीआयचा आरंभ झाला. जपानमध्ये १९९४ साली मोटारीच्या सुट्या भागांची मोजदाद ठेवण्यासाठी शोधलेला क्यूआर कोडचा काळा-पांढरा चौकोन पानाच्या टपरीवर येऊन बसला.

या ॲपमध्ये जुन्या दोन्ही व्यवस्था एकत्र आल्या आहेत. ते हुंडी लिहिते आणि गाडीही जुंपून देते. नकाशा वाट दाखवतो, म्हणून भाषेची अडचण कमी होते; भाडे आधी ठरते, म्हणून घासाघीस टळते; गाडीचा क्रमांक आणि चालकाचे नाव घरच्यांना कळवता येते, म्हणून एकट्या स्त्रीलाही थोडा धीर येतो. प्रवासी चालकाला तारे देतो आणि चालक प्रवाशाला देतो. उपाध्यायाच्या वहीचाच हा नवा अवतार. हे उपकार लहान नाहीत, आणि ते नाकारणारा माणूस परदेशी कधी एकटा उतरलेला नसावा.

पण वही कोणाच्या घरी आहे? काशीच्या उपाध्यायाशी भांडता येत होते, मीटरवाल्याला चौकीवर नेता येत होते. ही नवी वही कंपनीच्या संगणकात आहे आणि तिचे दार प्रत्येक देशात वेगळे आहे. सिंगापुरात ग्रॅब चालते, कारण उबरने २०१८ साली आग्नेय आशियातला आपला धंदा तिला दिला. चीनमध्ये दीदी, कारण २०१६ साली तेथेही तसेच झाले. आपली ओला २०१८ साली ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि ब्रिटनमध्ये गेली आणि २०२४ साली तिन्ही ठिकाणांहून परत फिरली. ज्या पेढीवर हुंडी लिहिली ती पेढीच उठावी, असा अनुभव जुन्या व्यापाऱ्यांना होता. आता तो प्रवाशालाही येतो.

हुंडणावळही संपलेली नाही, तिने नाव बदलले आहे. भारतीय कार्डाने परदेशात पैसे दिले की अनेक बँका शेकडा दोन ते साडेतीन रुपये चलनबदलीचा आकार लावतात. दुकानदाराचे यंत्र 'रुपयांत द्यावयाचे की येथल्या चलनात' असे विचारते, तेव्हा रुपये पाहून माणूस सुखावतो. पण रुपयांचा तो दर ठरवणारा दुसराच सराफ असतो आणि बट्टा बहुधा जास्त जातो. तेथल्या चलनात देणे हेच सामान्यतः किफायतीचे. शिवाय २०२० च्या रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे नवी कार्डे आधी देशांतर्गत व्यवहारापुरतीच चालतात. परदेशासाठी ती ग्राहकाने स्वतः खुली करावी लागतात. गुप्त आकडा आपल्या भारतीय क्रमांकावरच येतो, म्हणून परदेशी तो क्रमांक बंद पडला तर खात्यात लाखो रुपये असूनही माणूस रस्त्यावर उभा राहतो. त्याची अवस्था रंगो बापूजींहून निराळी नसते. पैसा आहे, पण तो दुसऱ्या मुलखात अडकून पडला आहे.

भाड्याचेही तसेच. मीटरचा दर सर्वांना एक होता. ॲपचा दर गर्दी पाहून चढतो. भारत सरकारने २०२० साली या चढीला मूळ भाड्याच्या दीडपट अशी मर्यादा सुचविली. २०२५ च्या नव्या सूचनांत ती दुप्पट झाली. चालकाचा प्रश्न त्याहून खोल आहे. तो कंपनीचा नोकर की स्वतःचा मालक? ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने १९ फेब्रुवारी २०२१ रोजी उबरच्या चालकांना कामगाराचे हक्क आहेत असा निर्णय दिला. प्रवाशाच्या सोयीचे ओझे कोणाच्या पाठीवर आहे, हे त्या निकालाने जगाला दाखविले.

या काळातील सर्वांत बोलका दाखला चीनचा. तेथे चहापासून आगगाडीपर्यंत सगळा व्यवहार दोन ॲपवर आला आणि त्यांना चिनी बँकेचे खाते हवे असे. बाहेरून आलेला प्रवासी हातात नोटा धरून गोंधळून जाई. २०२३ च्या उन्हाळ्यात परदेशी कार्डे तेथल्या ॲपला जोडण्याची सोय मोठ्या प्रमाणावर झाली. मार्च २०२४ मध्ये चीनच्या मंत्रिमंडळाने पैसे देण्याच्या सोयी सुधाराव्यात म्हणून आदेश काढला. त्यात दोन वर्गांची नावे एकत्र होती : वृद्ध माणसे आणि परदेशी पाहुणे. आमच्या मते या एका जोडीत सगळ्या प्रश्नाचे सार आहे. ज्याच्या हाताला यंत्र बसत नाही तो वृद्ध स्वतःच्या गावात परदेशी होतो, आणि परदेशी माणूस कितीही शिकलेला असला तरी घटकाभर वृद्धासारखा परावलंबी होतो.

आपणही इतरांना असेच वागविले, हे सांगितले पाहिजे. यूपीआय आल्यावर भारतात आलेल्या परदेशी पाहुण्याला टपरीवरचा चौकोन नुसता पाहत राहावा लागे. २०२३ साली जी-२० परिषदेच्या निमित्ताने त्यांच्यासाठी 'यूपीआय वन वर्ल्ड' ही सोय सुरू झाली. त्याच वर्षी जानेवारीत दहा देशांतील अनिवासी भारतीयांना तेथल्या मोबाइल क्रमांकावर यूपीआय वापरण्याची मुभा मिळाली, आणि २१ फेब्रुवारीला सिंगापूरच्या पे-नाउशी यूपीआय जोडले गेले. भूतानमध्ये ते २०२१ पासून, पॅरिसच्या आयफेल मनोऱ्यावर २०२४ च्या फेब्रुवारीपासून चालू लागले.

त्याच महिन्यात, १२ फेब्रुवारी २०२४ रोजी, ते मॉरिशसमध्ये सुरू झाले. या घटनेकडे मराठी माणसाने जरा थांबून पाहावे. एकोणिसाव्या शतकात कोकणातली आणि देशावरची माणसे करारावर सही-अंगठा करून त्या बेटावर उसाच्या मळ्यांत गेली. पुरुषाला महिना पाच रुपये मजुरी, ती मळेवाल्याच्या हाती. परवान्याशिवाय मळा सोडून बेटावर हिंडण्याचीही मोकळीक नाही. त्यांच्या वंशजांनी तेथे मराठी भाषा आणि गणेशोत्सव जिवंत ठेवला. ज्या भूमीवर त्या माणसांना ना स्वतःची गाडी होती ना स्वतःच्या पैशाची मोकळीक, तेथे आज भारतातून गेलेला पाहुणा भारतातल्याच खात्यातून दुकानदाराला पैसे देतो. इतिहासाची चाल किती लांबची असते ती अशी दिसते.

मग निष्कर्ष काय? पेढीच्या काळात ओळख नसलेला माणूस अडला. सरकारच्या काळात मंजुरी नसलेला अडला. कंपनीच्या काळात क्रमांक, कार्ड आणि चार्ज असलेला मोबाइल नसलेला अडतो. प्रत्येक व्यवस्थेने पूर्वीपेक्षा अधिक माणसांना वाट करून दिली, हे मान्य केलेच पाहिजे. रंगो बापूजींना जे साधले नाही ते आज तुमसरच्या शिक्षकाला सुट्टीत साधते. पण प्रत्येक व्यवस्थेच्या दाराबाहेर कोणीतरी उभा राहिला, आणि तो उभा राहतो तेव्हा त्याच्यासाठी दुसरे दार असणे हीच सुधारलेल्या समाजाची खूण होय. नॉर्वेसारख्या देशात, जेथे रोख पैसा जवळजवळ दिसेनासा झाला होता, तेथे १ ऑक्टोबर २०२४ पासून ग्राहकाचा रोखीने पैसे देण्याचा हक्क कायद्याने बळकट केला गेला. यंत्रात सर्वांत पुढे गेलेल्या देशाने मागे वळून दुसरे दार उघडे ठेवावे, यात शहाणपण आहे.

ते शहाणपण प्रवाशालाही हवे. मुलाकडे परदेशी निघालेल्या आईवडिलांच्या मोबाइलमध्ये सगळी ॲपे भरून देणारी मुले पुष्कळ. त्यांनी जोडीला मुक्कामाचा पत्ता तेथल्या लिपीत कागदावर लिहून द्यावा, दुसऱ्या बँकेचे एक कार्ड वेगळ्या खिशात ठेवावे, थोडे तेथले रोकड चलन बांधून द्यावे, आणि विमानतळावरच्या परवानाधारक टॅक्सीचा थांबा कोठे असतो ते समजावून सांगावे. जुन्या व्यापाऱ्याने हुंडीसाठी पेठ आणि पेठेसाठी परपेठ अशी सोय ठेवली होती. आपण एका काचेच्या तुकड्यावर सगळा भार टाकू नये.

गावापुरते बोलायचे तर नाकाडोंगरीसारख्या सीमेवरच्या गावातून तुमसरला जाणारी एस.टी. आणि काळीपिवळी यांत वृद्ध शेतकरी सुटे पैसे देऊन आजही बसू शकतो. कोणाच्या ओळखीवाचून, मंजुरीवाचून, ॲपवाचून. ही सोय जुनाट म्हणून हसण्यासारखी नाही. पेढी, सरकार आणि कंपनी या तिघांनी दीडदोनशे वर्षे ज्यासाठी खटपट केली, त्यातला मूळ हेतू येथे साध्या रीतीने पुरा होतो. नवी साधने येऊ द्यावीत, आपल्या मुलाबाळांनी ती जगभर वापरावीत; पण सुट्या पैशांनी बसणारा माणूस गाडीतून उतरवला जाणार नाही, एवढे पाहण्याची जबाबदारी मात्र आपण कोणत्याही कंपनीवर सोपवू नये.